गिटार हाय का होरी?

दामू तांडेल नवी गिटार आधी पाण्यात बुडवायचा आणि मगच तिला तारा लावायचा. हो, बरोबर वाचलंत. कॉटन ग्रीनला एका जुन्या कापसाच्या गोदामाचा पाव हिस्सा त्याच्याकडे होता. तिथे दाराशीच एक निळं प्लास्टिकचं पिंप असायचं, गळ्यापर्यंत पाण्याने भरलेलं. त्यात तो गिटार उभी सोडायचा आणि दोन्ही तळहातांनी दाबून धरायचा, कारण ती बुडायला मुळीच तयार नसायची. मग मोठ्याने शंभरपर्यंत मोजायचा. एकही बुडबुडा वर आला नाही की बाहेर काढून पंच्याने पुसायचा आणि जाहीर करायचा, "पास!" मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा किंचाळलोच होतो. दामूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू वेड मलाच लागलंय. "पानी आत गेला नाय, म्हंजे आवाज बी भायेर सांडनार नाय," तो म्हणाला. या वाक्याला काही अर्थ आहे का, याचा शोध मी पंधरा वर्षं घेतोय.

मी परळचा परब. वडील गिरणीत होते, मी गिटारीच्या नादाला लागलो. तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवली, आता दादरला क्लास घेतो. आम्हा गिटारवाल्यांचा एक धर्म आहे आणि त्या धर्माचं नाव लाकूड. मान अमुक झाडाची, अंग तमुक झाडाचं, ते झाड डोंगराच्या कुठल्या उतारावर वाढलं, तोडल्यावर किती वर्षं वाळवलं, विचारू नका. चांगले शिकलेले लोक डोळे मिटून गिटारीच्या पाठीवर टिचकी मारतात आणि माना डोलावतात. मीही डोलावल्यात. वर क्लासमध्ये ऐटीत सांगायचो, "पोरांनो, लाकूड बोलतं." काय बोलतं, हे कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब.

आणि इकडे हा दामू! शीव कोळीवाड्यातला. त्याचे वडील लाकडी होड्या बांधायचे, हा फायबरच्या होड्या करायला शिकला. साच्यात काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, वर रेझिन फासायचं, परत चटई, परत रेझिन. वाळलं की ग्राइंडरने घासायचं. ते घासकाम त्याने अख्खं आयुष्य केलं. ग्राइंडर चालू असला की मला त्या गोदामात दोन मिनिटं उभं राहवायचं नाही. हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यातच. बोलायचाही ग्राइंडरच्या वरताण, अगदी ग्राइंडर बंद असतानासुद्धा. भुवयांत कायम पांढरी भुकटी. ती छातीतही किती गेली असेल ते दोन वर्षांपूर्वी कळलं, त्यातच तो गेला. पण जिवंत होता तोवर लाकडावर त्याचा असा राग, जणू लाकडाने त्याच्या घरचं कुणी मारलंय. "लाकूर मेला तरी पानी पितो, मास्तर," तो म्हणायचा. "आमच्या बापाची अर्धी जिनगानी त्याला पिऊ नको, पिऊ नको सांगन्यात गेली."

आमची गाठ पडली ती माझ्याच कर्माने. गिरगावातल्या एका कार्यक्रमानंतर स्टेजवरून उतरताना माझ्या हातून गिटार पडली आणि तिची मान डोक्यापाशी मोडली. दुकानोदुकानी फिरलो, सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. कुणीतरी सांगितलं, कॉटन ग्रीनला तांडेल म्हणून आहे, तो वल्ही जोडतो. वल्ही! पण दुसरा इलाज नव्हता. दामूने ती मोडकी मान हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "या डोक्याचा काम काय?"

"तारा पिळायच्या खुंट्या असतात तिथे."

"मंग त्या खाली लावा की, बुडाशी. नांगर कोन शिडावर बांधतो?"

मी त्याला शांतपणे समजावलं, की गिटारीला डोकं असतं, कारण गिटारीला डोकं असतं. त्याने मान जोडून दिली, पण वरून काळं कार्बनचं कापड रेझिनमध्ये बुडवून गुंडाळलं, पाय मोडलेल्याला प्लास्टर घालतात तसं. वर्षभर मी ती जागा लोकांपासून लपवत वाजवली. गंमत अशी, की दामूने जोडलेली ती चार बोटं जागा आजतागायत हललेली नाही. बाकीचं अस्सल लाकूड मात्र दर पावसाळ्यात वाकायचं आणि मी दर दिवाळीला ते सरळ करून आणायचो.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याचा निरोप आला, येऊन जा. गेलो तर पठ्ठ्याने अख्खी गिटारच बनवून ठेवलेली. डोकं नाही, खुंट्या खाली बुडाशी. आत होडीच्या फळीत भरतात तो फोम, वरून कार्बनची कातडी, तारांचा आवाज पकडणारे पिकअपसुद्धा वर रेझिन ओतून पक्के बंद केलेले. दोन किलोसुद्धा वजन नाही. कमरेशी असा खोलगट बाक दिलेला, की मांडीवर ठेवताच ती आपोआप बरोबर तिरपी बसावी. "होरीत पयली बसायची जागा बगायची, मंग बाकीचा," हे त्याचं डिझाइनचं शास्त्र. त्याची हवा काढावी म्हणून मी सांगितलं, की यात काही नवल नाही, परदेशात अशा बिनडोक्याच्या गिटारी केव्हापासून बनतात, मोठे मोठे वाजवणारे त्या घेतात. दामू जराही हिरमुसला नाही. "म्हंजे त्यांना बी डोका हाय," तो म्हणाला.

दामूची बायको जानकीवहिनी कोळीवाड्याच्या बाजारात मासे विकायच्या आणि दुपारी त्याचा डबा घेऊन गोदामात यायच्या. कार्बनच्या कापडाचा पहिला तागा आला, काळाभोर, तिरक्या विणीचा, तेव्हा त्यांनी तो दोन बोटांत चुरगाळून पाहिला. "हिंदमाताला यापरीस बरा सूटपीस भेटतो," त्या म्हणाल्या.

"याचा विमान बनतो, विमान!" दामू ओरडला.

"मंग विमानच बनवा. बसून कुठं जाता तरी येईल."

तारा दाबायची पट्टी चांगल्या गिटारीला शिसवीची नाहीतर आबनुसाची असते. दामूने लावली एक तपकिरी पाटी, कापडाचे थर राळेत दाबून केलेली. मी बोटं ठेवली आणि मला कसंसंच झालं. वास ओळखीचा होता. वडिलांच्या गिरणीत काही दातेरी चाकं असल्याच पाटीची असत, आवाज कमी करतात म्हणून. एक मोडकं चाक वडिलांनी घरी आणलेलं; आई त्याच्यावर डाळीचं गरम पातेलं ठेवायची. "म्हणजे आता मी गिरणी वाजवायची का रे?" मी चिडून विचारलं. दामू म्हणाला, "चालीस वरसा तिची दाता झिजली नाय. तुमची बोटा तिचा काय वाकरा करनार?"

एवढं सगळं उंची, आधुनिक, आरशासारखं गुळगुळीत काम करायचं, आणि शेवटी पाठीवर होडीच्या पिवळ्या ऑइलपेंटने लिहायचं, 'आई एकवीरा प्रसन्न'. मलबार हिलवरून एक तरुण वाजवणारा आला होता, तो हे पाहून हबकला. बाकी सगळं त्याला वेड लागण्याइतकं आवडलेलं. चारी बाजूंनी फोटो काढून झालेले. "अंकल, हे पुसता येईल?" त्याने विचारलं. दामूने कमरेवर हात ठेवले. "नावाबिगर होरी उतरत नाय." अर्धा तास वाद झाला. शेवटी नाव पाठीवरून काढून आतल्या वायरींच्या झाकणाच्या मागच्या बाजूला लिहायचं ठरलं, जिथे ते फक्त देवीला आणि रिपेअरवाल्याला दिसेल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगायची मला लाज वाटते म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं बोलत होतो. प्रत्येक गिटार पुरी झाली की मला बोलावणं यायचं. मी ती अँपला लावून वाजवायचो. दामू समोर उकिडवा बसायचा आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा. बोटांकडे नाही, तोंडाकडे. मधेच पुढे सरकून गिटारीच्या शिंगावर, म्हणजे अंगाच्या वरच्या टोकावर, हनुवटी टेकवायचा. मला त्याचा भयंकर वैताग यायचा; वाजवायचं कसं माणसाने, मांडीशी म्हाताऱ्याचं डोकं घेऊन? वाजवून झालं की तो विचारायचा, "बोला, मास्तर. गिटार हाय का होरी?"

आणि मी म्हणायचो, "होडी."

त्याच्या हाताखालचे कामगार खो खो हसायचे. दामूही हसायचा. दुसऱ्या दिवशी नव्या साच्याला लागायचा.

पहिल्या दोन खरंच होड्या होत्या, देवाशपथ. तिसरीपासून मी खोटं बोलत होतो. तिसरीत एकदा छेडलेला सूर शेवटपर्यंत उभा राहायचा. माझ्या लाकडात तो अर्ध्यावर बसायचा. चौथी ऐकल्यावर मी त्या दिवशी क्लासमध्ये लाकडाचं नाव काढलं नाही. पण गोदामात विचारलं की होडी. एक तर हशा मिळत होता, आणि हशा मिळाला की मला दुसरं काही सुचत नाही. दुसरं, तीस वर्षं ज्याची आरती केली त्या लाकडाला एका कोळ्याने फोम भरून हरवलं, हे माझ्या तोंडून निघत नव्हतं.

एकदा मी म्हटलंही, "दामू, मोठमोठी पोरं तुझ्या गिटारी घेऊन चाललीत. तुला माझ्याकडून कशाला हवं?"

"ती पोरा गिटार बगतात, मास्तर. तुमी ऐकता. मना ऐकनारा पायजे."

मला वाटलं, मस्का मारतोय. त्याही दिवशी मी होडीच म्हणालो.

सातवी गिटार त्याने कुणाच्या ऑर्डरीवर केली नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी गणपतीनंतर दादरला माझा मोठा कार्यक्रम ठरवला होता, आणि माझ्या लाकडी गिटारीची मान त्या पावसाळ्यात कायमचीच वाकली होती. "ही तुमची," दामू म्हणाला. "ही घेऊन स्टेजवर उभे रा."

"लोक काय म्हणतील रे? परब मास्तर स्टेजवर होडी घेऊन आले?"

दामू हसला नाही. "आदी वाजवून बगा. आनि येक वेला खरा बोला. पुरे झाली मस्करी."

पण वाजवायच्या आधी ती पाण्यात उतरायला हवी होती, आणि ही म्हणे पिंपात उतरवायची नव्हती. "पिंपात सा झाल्या. ही खारीत. नारली पुनवेला." झालं! नारळी पौर्णिमेला मी इस्त्रीचा झब्बा घालून खाडीवर हजर. दामूच्या भावकीच्या होड्या पताका लावून उभ्या होत्या, बाया नटूनथटून आलेल्या, सोनेरी कागदातला नारळ तयार. मधोमध पाटावर माझी काळी कुळकुळीत गिटार, मानाची म्हणून या खेपेला तारा आधीच लावलेली, पाठीवर पिवळं नाव, कपाळी हळदकुंकू. कपाळ म्हणजे कुठे, ते विचारू नका. झेंडूची माळ घालायला डोकंच नसल्यामुळे ती सारखी घसरून खाली यायची आणि बाया परत वर चढवायच्या. पट्टा अडकवायच्या बटणाला सुतळीची लांब दोरी बांधली होती. दामूने तिचं टोक माझ्या हातात दिलं. "मान तुमचा," तो म्हणाला.

गिटार पाण्यात सोडली. तरंगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात जानकीवहिनींनी माझ्यापुढे नारळीभाताची ताटली धरली. आता ताटली घ्यायची म्हणजे दोन हात लागतात. बस, एवढंच झालं. मी पहिला घास घेतला आणि वर बघतो तो दोरीचं टोक पाण्यावरून नागमोडी निघालेलं आणि ओहोटी लागलेली. मी सगळ्यांना सांगितलं, गाठ सुटली. आज पहिल्यांदा सांगतोय, गाठ शाबूत होती.

दामू कमरेइतक्या पाण्यात धावला आणि थांबला. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तर हा हात वर करून ओरडतोय, "बगा, बगा! कशी सरल चालली! येका अंगाला झुकली नाय!" होड्यांवरचे केळीचे खांब उतरवून इंजिन चालू करेपर्यंत गिटार तिवरांच्या पलीकडे गेली होती. संध्याकाळपर्यंत शोधून पोरांना मिळाली ती नुसती झेंडूची माळ.

मी काय बोलावं? चूक माझी होती, ती झाकायची होती, म्हणून मी म्हणालो, "आता तरी कबूल कर दामू, होडीच होती."

सगळे हसले. दामूने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो तसाच ओल्या कपड्यांनी घरी निघून गेला.

पुढचा महिनाभर गोदामातला ग्राइंडर बंद होता. मी दोनदा गेलो, दोनदा कुलूप पाहून परत आलो. गणपती आले, गेले. कार्यक्रम आठ दिवसांवर आला, मी कुणाची तरी लाकडी गिटार मागून आणून रियाज करत होतो आणि एका दुपारी जानकीवहिनींचा फोन आला. "मास्तर, या. गावली."

एका डोलकराच्या जाळ्यात सापडली होती, बोंबलांच्या बरोबर. कोळीवाड्यात आज कुणालाही विचारा, शपथेवर सांगतील, की ती समुद्रातून सुरात परत आली. साफ खोटं. दोन तारा तुटलेल्या, चार गंजून लाल, आणि वास असा की सांगायची सोय नाही. सगळ्या अंगावर हिरवी बुळबुळ. पण मी ती उचलली, मानेला डोळा लावला आणि बघतच राहिलो. सरळ. महिनाभर खाऱ्या पाण्यात राहून ती केसभर वाकली नव्हती. माझी कपाटात वाकते! पिवळी अक्षरंही जशीच्या तशी.

दामूने गोड्या पाण्याने तिला धुतलं, वायर खुपसायचा गंजलेला जॅक बदलला, नव्या तारा चढवल्या आणि माझ्या हातात दिली. मी अँपला लावली. पहिला सूर लावला आणि थांबलो. परत लावला. मग मी वाजवत सुटलो. माझी जुनी ऑर्केस्ट्रातली सगळी गाणी एकामागून एक काढली. खालचा सूर पोटात उतरत होता, वरचा कुठेही कापत नव्हता, आणि मला वाटत होतं, माझे दोन्ही हात पुन्हा पंचविशीत गेलेत. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात दामू सवयीप्रमाणे पुढे आला आणि त्याने गिटारीच्या शिंगावर हनुवटी टेकवली. माझी तार चुकली. मी खेकसलो, "अरे, लांब हो की रे! कान नाहीत का तुला?"

मागे डबा उघडत असलेल्या जानकीवहिनी साध्या आवाजात म्हणाल्या, "नायत."

"म्हणजे?"

"डावा गेला त्याला बारा वरसा झाली. उजवा कदी हाय, कदी नाय. मशीनीने खाल्ला. डाक्टर बोलला कानाला मशीन लावा, तर हे बोलतात येक मशीन पुरे झाली." मग माझ्याकडे नवलाने बघत म्हणाल्या, "तुमाला नाय म्हाईत? सगला तुमच्या तोंडावरून तर वाचतात."

बारा वर्षं. म्हणजे त्याच्या सातपैकी एकही गिटार त्याने धड ऐकली नव्हती. हनुवटीच्या हाडातून जेवढं आत पोचेल तेवढं ऐकायचं, आणि बाकीचं माझ्या तोंडावर वाचायचं. आपण केलंय ते बरं की वाईट, हे कळायला त्याच्यापाशी माझ्याशिवाय दुसरा कान नव्हता. आणि माझ्या तोंडावर त्याने दर खेपेला काय वाचलं? मला माझीच इतकी शिसारी क्वचितच आली असेल.

दामू तोवर उठून पिंपाशी गेला होता आणि आमच्याकडे पाठ फिरवून हात धूत होता. या वेळी त्याने प्रश्न विचारलाच नाही.

मीच म्हणालो, "दामू, गिटार आहे."

त्याने आणखी ओंजळभर पाणी घेतलं.

"दामू! गिटार आहे ही!"

तो हात धूतच राहिला. मग मी, लाकडाचा एवढा मोठा भक्त परब मास्तर, उभा राहिलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो. "गिटार आहे रे, गिटार! होडी नाही! तिसरीपासून सगळ्या गिटारीच होत्या! माझं लाकूड तिच्यापुढे पाणी भरेल! हीच घेऊन मी स्टेजवर जाणार! ऐकू येतंय का तुला?" शेजारच्या गोदामातले हमाल पाठीवर गोणी घेऊन दाराशी येऊन उभे राहिले. कामगार काम सोडून बघायला लागले. हसलं कुणी नाही.

दामू सावकाश वळला. पंच्याला हात पुसले. सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"वरडता कशाला, मास्तर?" तो म्हणाला. "येवरा बहिरा नाय मी."

मग तो जानकीवहिनींच्या जवळ गेला आणि त्याच्या मते हळूच, म्हणजे दारातल्या हमालांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, विचारलं, "काय बोलले गो?"

वहिनींनी हातातलं डब्याचं झाकण खाली ठेवलं, त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश सांगितलं.